तारे, तक्रारी आणि मागचा बाक

बाजारात साधे मडके घ्यायचे झाले तरी आपण त्याला टिचकी मारून आवाज ऐकतो. परंतु सतरा माणसांना घेऊन जाणारी गाडी सहलीसाठी ठरवताना आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतो : किलोमीटरला किती, आणि ए.सी. आहे की नाही. मागचे टायर किती जुने आहेत, शेवटच्या बाकाला पट्टे आहेत का, गाडी पूर्ण भरल्यावर वळणावर कशी वागते, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. विचारले तर समोरचा हसेल, असेही आपल्याला वाटते.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने गाडीच्या यंत्रात कशाला डोके घालावे, असे कोणी म्हणेल. माझे उत्तर सरळ आहे. माझे वडील सतरा आसनी गाडीवर चालक आहेत. गाडी त्यांची नव्हे, मालकाची. लग्नाचे वऱ्हाड, पंढरपूरची वारी, अष्टविनायकाचे दर्शन, शाळा-कॉलेजच्या सहली अशी भाडी ते करतात. आमच्या घरात बारावीच्या पुढे शिकणारी मी पहिलीच, आणि माझी फी याच गाडीच्या चाकांवर भरली जाते. तेव्हा ही गाडी कितपत सुरक्षित आहे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ निबंधाचा विषय नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन गोष्टी समोर आल्या. एक, सुरक्षिततेचे ‘तारे’. आणि दुसरी, वाहनमालकांच्या तक्रारी. गाडी चांगली की वाईट हे ठरवण्याचे हे दोन मार्ग आज जगभर मानले जातात. ते किती उपयोगी आहेत आणि कुठे अपुरे पडतात, हे समजण्यासाठी अमेरिकेतील पंधरा आसनी व्हॅनचा इतिहास पाहण्यासारखा आहे. कारण मोठ्या प्रवासी गाडीच्या सुरक्षिततेचा इतका बारकाईने झालेला अभ्यास क्वचितच आढळतो.

पंधरा आसनी गाडी कशी जन्मली

अमेरिकेत १९७०च्या दशकात डॉज आणि फोर्ड या कंपन्यांनी पंधरा माणसांची व्हॅन बाजारात आणली. पुढे जनरल मोटर्सचीही आली. चर्चची मंडळी, शेतमजुरांच्या टोळ्या, पाळणाघरे, महाविद्यालयांचे खेळाडू यांच्यासाठी ही गाडी फार सोयीची ठरली. बसपेक्षा स्वस्त, आणि चालवण्यासाठी बहुतेक ठिकाणी मोटारीचाच परवाना पुरे.

मात्र ही गाडी पंधरा माणसांसाठी मुळापासून आखलेली नव्हती. मुळात ती माल वाहणारी व्हॅन. तिच्यात बाके टाकून बारा आसनांची गाडी झाली. पंधरा आसने करण्यासाठी फोर्डने काय केले? पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर होते तेवढेच, १३८ इंच, ठेवले आणि मागच्या चाकांच्या पलीकडे गाडीचा सांगाडा सुमारे २० इंचांनी लांबवला. त्या वाढीव जागेत चार माणसांचा शेवटचा बाक बसला. म्हणजे चालक व त्याच्या शेजारचा असे दोन, मग तीन-तीनचे तीन बाक आणि शेवटी चौघे. हिशेब पंधराचा बरोबर जुळला. परंतु शेवटचे चौघे मागच्या आसाच्या मागे लोंबकळत राहिले.

उलाळ झालेली गाडी

यातील धोका समजण्यासाठी शास्त्राचे पुस्तक उघडण्याची गरज नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून बैलगाडी आहे, निदान आजोबांच्या काळात होती. गाडी भरताना जाणता माणूस ओझे कुठे ठेवायचे ते पाहतो. पुढे जास्त झाले तर बैलांच्या मानेवर भार येतो. आसाच्या मागे जास्त झाले तर जू वर उचलले जाते आणि गाडी ‘उलाळ’ होते. पंधरा आसनी व्हॅन भरली की नेमके हेच होते. तिला जू नाही म्हणून ती उचललेली दिसत नाही एवढेच. पुढच्या चाकांवरचा भार त्या मानाने हलका होतो आणि मागच्या टायरांवर सगळे ओझे येते.

त्यात दुसरी गोष्ट मिळते. माणसे आसनांवर, म्हणजे गाडीच्या तळापासून बरीच वर बसतात. माणसे जितकी जास्त, तितका गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. टपावरच्या कॅरिअरवर सामान चढवले की तो आणखी वर जातो. गाडीच्या स्थैर्याचा एक साधा हिशेब अभियंते करतात : डाव्या आणि उजव्या चाकांमधल्या अंतराचे निम्मे घ्यायचे आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. भागाकार मोठा तर गाडी स्थिर, लहान तर उलटण्याची भीती जास्त. चाकांमधले अंतर बदलत नाही. उंची मात्र भाराप्रमाणे बदलते. म्हणून तीच गाडी रिकामी असताना एक असते आणि भरल्यावर दुसरीच होते.

आता समजा, अशी भरलेली गाडी वेगाने जात आहे आणि अचानक समोर काही आले. चालक स्टीअरिंग एका बाजूला झटकन फिरवतो. मागचा भाग जड असल्यामुळे तो बाहेर फेकला जातो. गाडी सावरण्यासाठी चालक स्टीअरिंग उलट बाजूस फिरवतो, तेव्हा मागचा भाग आणखी जोराने दुसरीकडे जातो. गाडी आडवी होते, चाके रस्त्याच्या कडेच्या मातीत रुततात आणि ती कोलांटी खाते. मागचा टायर फुटला तर हीच मालिका स्टीअरिंगला हात लावण्याआधीच सुरू होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने अपघातांच्या नोंदी तपासून २००१ साली एप्रिल महिन्यात जाहीर इशारा दिला. एकाच वाहनाच्या अपघातांत, दहा किंवा अधिक माणसे बसलेल्या पंधरा आसनी गाड्यांचे उलटण्याचे प्रमाण थोड्या माणसांच्या त्याच गाड्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट होते. गाडी तीच, कंपनी तीच, रस्ते तेच. फरक फक्त भाराचा. हा इशारा नंतर २००२, २००४ आणि २००५ मध्येही पुन्हा द्यावा लागला. एकच सूचना चार वेळा द्यावी लागते याचा अर्थ ती ज्यांच्या कानी पडायला हवी होती त्यांच्या कानी पडत नव्हती, असाच घ्यावा लागेल.

तारे काय सांगतात?

आता ताऱ्यांकडे वळू. मोटारी भिंतीवर आदळून त्यांची परीक्षा घेण्याचा सरकारी उपक्रम अमेरिकेत १९७९च्या मॉडेलपासून सुरू झाला. सर्वसामान्य ग्राहकाला आकडे कळत नाहीत म्हणून १९९४च्या मॉडेलपासून निकाल ताऱ्यांत देऊ लागले. पाच तारे म्हणजे सर्वोत्तम. समोरासमोरच्या धडकेच्या परीक्षेत गाडी ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळतात. आत पुढच्या दोन आसनांवर माणसाच्या आकाराच्या बाहुल्या पट्टा लावून बसवलेल्या असतात. त्यांच्या डोक्याला, छातीला, पायांना किती मार लागला यावरून तारे ठरतात.

ही परीक्षा फार उपयुक्त आहे, याबद्दल शंका नाही. तिच्यामुळे कंपन्यांना गाड्या सुधाराव्या लागल्या. परंतु तिची मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. ती पुढच्या दोघांबद्दल बोलते. पंधरा आसनी गाडीतील मागच्या तेरा जणांबद्दल ती गप्प असते. शिवाय धडकेचे तारे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच तुलना करण्यासाठी असतात. पाच ताऱ्यांची लहान मोटार आणि पाच ताऱ्यांची अवजड व्हॅन यांची बरोबरी होत नाही.

उलटण्याच्या शक्यतेला तारे देणे २००१च्या मॉडेलपासून सुरू झाले. मघाशी सांगितलेला भागाकार हाच त्याचा पाया. तीन वर्षांनी त्याला प्रत्यक्ष गाडी वळवून पाहण्याच्या चाचणीची जोड मिळाली. मात्र ज्या गाडीला या परीक्षेची सर्वात जास्त गरज होती ती पंधरा आसनी व्हॅन या परीक्षेत घेतलीच पाहिजे, असा कायदा व्हायला २००५ साल उजाडले. आणि गाडी रिकामी असताना काढलेला भागाकार भरलेल्या गाडीला जसाच्या तसा लागू पडत नाही, ही अडचण तर आहेच. परीक्षेला बसलेला विद्यार्थी आणि आयुष्यात उतरलेला विद्यार्थी यांत जो फरक, तोच येथे आहे.

तक्रारींचे वजन

तारे गाडी विकली जाण्यापूर्वीची गोष्ट सांगतात. नंतर रस्त्यावर काय घडले ते तक्रारी सांगतात. अमेरिकेत वाहनधारक आपल्या गाडीतील सुरक्षेच्या दोषाची तक्रार थेट वर सांगितलेल्या सरकारी प्रशासनाकडे विनामूल्य करू शकतो. एकेक तक्रार क्षुल्लक वाटते. कोणी लिहितो गाडीखालून आवाज येतो, कोणी लिहितो टायरची साल निघाली. परंतु शेकडो ठिकाणांहून एकच गोष्ट येऊ लागली की ती योगायोग राहत नाही.

याचे सर्वात गाजलेले उदाहरण २००० सालचे आहे. फायरस्टोन कंपनीच्या काही टायरांचा वरचा थर चालत्या गाडीत सुटून येत होता आणि फोर्ड एक्स्प्लोरर गाड्या उलटत होत्या. तक्रारी वाढल्या, मे महिन्यात सरकारी चौकशी सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये सुमारे ६५ लाख टायर परत बोलावण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नवा कायदा झाला. कंपन्यांनी आपल्याकडे आलेल्या दोषांची माहिती सरकारला आधीच द्यावी, असे बंधन त्यात घातले गेले.

मोठ्या प्रवासी व्हॅनचेही असे उदाहरण आहे. फोर्डने जुन्या पंधरा आसनी गाडीऐवजी २०१५च्या मॉडेलपासून ट्रान्झिट ही गाडी आणली. ती आखणीने अधिक चांगली होती. तरी इंजिनची शक्ती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्यातील रबरी जोडाला तडे जाऊ लागले. जोड पूर्ण तुटला तर चालत्या गाडीची ताकदच जाते, आणि सुटा झालेला दांडा ब्रेकच्या नळ्यांवर आपटू शकतो. २०१७ मध्ये या दोषासाठी सुमारे ४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. हा दोष धडकेच्या परीक्षेत कधीच दिसला नसता, कारण तो हजारो मैल धावल्यावरच उघडा पडतो. तक्रारीचे महत्त्व ते हेच.

पण तक्रारीलाही मर्यादा आहे, आणि माझ्या मते ती ताऱ्यांच्या मर्यादेपेक्षा मोठी आहे. मालक तक्रार करतो ती कंपनीविरुद्ध. आपल्या स्वतःच्या हलगर्जीपणाविरुद्ध कोणीही तक्रार लिहीत नाही. अमेरिकी प्रशासनाने २००५ साली पंधरा आसनी गाड्यांचे टायर तपासल्याची माहिती प्रसिद्ध केली. शंभरातील ७४ गाड्यांच्या टायरांमध्ये हवेचा दाब लक्षणीय प्रमाणात चुकीचा होता. साध्या मोटारींत हेच प्रमाण ३९ होते. या गाड्यांच्या मागच्या टायरांना पुढच्यापेक्षा कितीतरी जास्त हवा लागते. फोर्डच्या गाडीत पुढे ५५ पौंड तर मागे ८०. डोळ्यांना चारही टायर सारखेच दिसतात. कमी हवेचा टायर भाराखाली दबतो, तापतो आणि एक दिवस फुटतो. संस्थेची गाडी महिनोन् महिने उभी राहते, मग एका सहलीला निघते, तेव्हा हवा पाहणे हे कोणा एकाचे काम नसते.

अशा रीतीने ताऱ्यांनी रिकामी गाडी पाहिली, तक्रारीने कारखान्याचा दोष पाहिला. भरलेली गाडी, जुना टायर आणि न लावलेला पट्टा मात्र कोणाच्याच वहीत आला नाही. माणसे मरतात ती बहुतेक याच तीन गोष्टींनी. २००१ मध्ये टेक्सासमधील हेन्रिएटा आणि नॉर्थ कॅरोलायनातील रँडलमन येथे पंधरा आसनी गाड्या उलटल्या. त्यांचा तपास अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केला. दोन्ही ठिकाणी सुरुवात मागचा टायर निकामी होण्याने झाली होती. अशा गाड्या उलटून मेलेल्यांत पट्टा न लावलेल्यांचीच संख्या फार मोठी असते, हेही तेथील नोंदींवरून वारंवार दिसून आले आहे.

कायद्यातून सुटलेले विद्यार्थी

१० ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेत एका मोठ्या वाहतूक कायद्यावर अध्यक्षांची सही झाली. बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंतच्या मुलांना नेण्यासाठी शाळांनी नव्या पंधरा आसनी व्हॅन खरेदी करू नयेत वा भाड्यानेही घेऊ नयेत. त्या स्कूल बसच्या नियमांत बसत असतील तरच चालतील, असे त्यात म्हटले होते. महाविद्यालयांचा उल्लेख त्यात नव्हता. शाळेतील मुलाला कायद्याने सांभाळले, आणि तेच मूल अठरा वर्षांचे होऊन महाविद्यालयात गेले की ते कायद्याच्या बाहेर पडले.

त्यानंतर सातच आठवड्यांच्या आत, २६ सप्टेंबर २००५ रोजी, युटा स्टेट युनिव्हर्सिटीचे शेतकी विषयाचे दहा विद्यार्थी आणि त्यांचे एक शिक्षक क्षेत्रभेटीहून व्हॅनमधून परत येत होते. ट्रेमोंटन गावाजवळच्या महामार्गावर गाडीचा मागचा डावा टायर फुटला. गाडी रस्ता सोडून उलटत गेली. आठ विद्यार्थी आणि शिक्षक मरण पावले. दोन विद्यार्थी वाचले.

हा मजकूर मी वाचनालयात वाचला तेव्हा पुढे वाचवेना. ते शेते बघायला गेले होते. आपल्या भूगोलाच्या आणि इतिहासाच्या सहली याहून वेगळ्या कुठे असतात?

पुढे तंत्राने काही प्रमाणात मदत केली. गाडी घसरू लागली की चाकांची गती आणि स्टीअरिंगची दिशा यांतील विसंगती ओळखून एकेका चाकाला आपोआप वेगळा ब्रेक लावणारी यंत्रणा निघाली. तिला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणतात. २०१२च्या मॉडेलपासून अमेरिकेत हलक्या वाहनांच्या वर्गातील सर्व नव्या गाड्यांना ती सक्तीची आहे आणि पंधरा आसनी गाड्या त्यातच येतात. परंतु यंत्रणा टायरमध्ये हवा भरत नाही आणि कोणाचा पट्टाही लावत नाही.

आपल्याकडे काय आहे?

मोठ्या प्रवासी गाडीशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. आपण ज्याला ‘टेम्पो’ म्हणतो तो शब्दच मुळी एका जर्मन कंपनीच्या नावावरून, पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीमार्फत मराठीत रुळला. ती कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स नावाने ओळखली जाते. गाड्यांना मंजुरी देण्यापूर्वी त्यांची तपासणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्थाही पुण्यातच आहे.

भारतात ‘भारत एनकॅप’ ही तारे देण्याची योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र ती चालक सोडून आठपर्यंत आसने आणि साडेतीन टनांपर्यंत वजन असलेल्या गाड्यांपुरती आहे, आणि तीही ऐच्छिक. तेरा, सतरा, वीस आसनांची गाडी तिच्या बाहेर राहते. त्या गाड्यांना नियम नाहीत असे नव्हे. मंजुरीची तपासणी त्यांना द्यावीच लागते. परंतु मंजुरी म्हणजे उत्तीर्ण होणे आणि तारे म्हणजे श्रेणी. पस्तीस गुण की पंच्याहत्तर, हे नुसत्या ‘उत्तीर्ण’ शब्दावरून कळत नाही. चौघांच्या कुटुंबाने मोटार घेताना तारे पाहावेत अशी सोय झाली. सतरा जणांनी मिळून गाडी ठरवताना पाहावे असे काही नाही.

तक्रारींबाबतही असेच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११०-अ घातले गेले, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. एखाद्या प्रकारच्या गाडीतील दोषाची तक्रार ठरावीक टक्के मालकांनी केली, किंवा परीक्षण संस्थेकडून वा अन्य मार्गाने सरकारला कळले, तर त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते. चांगला कायदा आहे. पण त्यातला ‘मालक’ हा शब्द मला थांबवतो. माझ्या वडिलांनी आजवर किती लाख किलोमीटर गाडी चालवली असेल देव जाणे, परंतु ते मालक नाहीत. ब्रेक कुठे मऊ लागतो, कोणत्या वळणावर मागून गाडी ओढते, हे सर्वात आधी त्यांना कळते. शेवटच्या बाकावरची म्हातारी, जिचे डोके प्रत्येक खड्ड्यात टपाला लागते, तीही मालक नाही.

मी वडिलांना गुरुत्वमध्य, चाकांमधले अंतर वगैरे सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अगं, रिकामी गाडी म्हंजी गरीब गाय. भरली की तिला माज येतो. म्हणून मी जड पिशव्या टपावर चढवू देत न्हाई, पुढच्या बाकाखाली सारतो.” मग मी विचारले, “आणि आण्णा, सतराच्या जागी बावीस बसले तर?” त्यावर ते थोडा वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “मालक भाडं ठरवतो, पोरी. मी न्हाई म्हणलो तर उद्या दुसरा डायव्हर येईल. गाडी तीच राहील.”

अमेरिकेतील सर्व अहवालांचा अर्थ या वाक्यात मला नीट कळला. ज्याच्या हाती स्टीअरिंग आहे त्याच्या हाती भार ठरवणे नाही. ज्याच्या हाती भार ठरवणे आहे तो गाडीत नसतो. आणि जे गाडीत असतात त्यांना विचारायचे काय हे माहीत नसते. यातली तिसरी गोष्ट बदलणे तेवढे आपल्या हाती आहे.

आपण काय करू शकतो?

दरवर्षी आपल्या महाविद्यालयातून सहली आणि क्षेत्रभेटी निघतात. त्यासाठी मी काही सूचना करू इच्छिते. त्यांना फारसा खर्च येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, जितकी आसने तितकीच माणसे. एकाला दोघांच्या मध्ये ‘ॲडजस्ट’ करणे हा आपला जिव्हाळा असेल, पण वळणावर गाडीला जिव्हाळा कळत नाही. माणसे कमी असतील तर पुढची आसने आधी भरावीत आणि शेवटचा बाक मोकळा ठेवावा. गंमत करण्यासाठी सगळे मागे जाऊन बसतात; नेमके तेच टाळावे.

दुसरी गोष्ट सामानाची. टपावर काहीही चढवू नये. सामान खाली, शक्यतो पुढच्या बाजूस ठेवावे.

तिसरी, निघण्यापूर्वी चारही टायरांची हवा मोजून घ्यावी. गाडीच्या दारावर किंवा पुस्तिकेत पुढचा आणि मागचा दाब वेगवेगळा दिलेला असतो, तो पाहावा. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. तिच्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. स्टेपनीवरही तीच खूण पाहावी, कारण ती न वापरताही म्हातारी होते.

चौथी, प्रत्येक आसनाला पट्टा असावा आणि तो आसनाच्या खोळीखाली दडपलेला नसावा. पुढच्या दोघांनी पोलिसांसाठी आणि मागच्यांनी लाजेखातर न लावणे, ही रीत आपण मोडली पाहिजे.

पाचवी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. गाडी ठरवताना भाड्याच्या कागदावरच माणसांची संख्या लिहावी, आणि त्याहून जास्त माणसे बसत असतील तर गाडी न हलवण्याचा चालकाचा अधिकार सहलप्रमुख प्राध्यापकांनी सहीनिशी मान्य करावा. रात्रीचा प्रवास आणि चालकाची झोप यांबाबतही तसेच. चालक ‘नाही’ म्हणाला तर त्याचे भाडे कापले जाणार नाही, एवढे एक वाक्य कागदावर आले तर माझ्या वडिलांसारख्या अनेकांना पहिल्यांदाच ‘नाही’ म्हणता येईल.

मोठ्या गाड्यांना तारे कधी मिळतील ते सरकार ठरवील, आणि प्रवाशाची तक्रार मोजायची की नाही हेही कायदा ठरवील. तोपर्यंत भरलेल्या गाडीची परीक्षा घेणारे तिच्यात बसणारेच असतात. पुढील सहलीची नावे फलकावर लागतील तेव्हा स्थळ आणि वर्गणी यांच्याबरोबर गाडीतील आसनांची संख्याही लिहिली जावी, एवढी विनंती मी सहल समितीला या लेखाच्या निमित्ताने करते.

(द्वितीय वर्ष, कला)